आईच्या मॅमोग्राफीत डीसीआयएस निघाला: पूर्ण स्तन काढायलाच हवा का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या आईंचे वय 61 आहे. कोणतीही तक्रार नसताना वार्षिक तपासणीच्या पॅकेजमध्ये त्यांची मॅमोग्राफी झाली, डाव्या स्तनात कॅल्शियमचे बारीक ठिपके दिसले, सुईने बायोप्सी झाली आणि रिपोर्टमध्ये 'डीसीआयएस, लो ग्रेड, हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह' असे आले, म्हणजे दूधनलिकेच्या आतच थांबलेल्या, संथ वाढणाऱ्या आणि हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या कर्करोगसदृश पेशी. ठिपक्यांचा भाग साधारण दीड सेंटिमीटरचा आहे. पहिल्या डॉक्टरांनी संपूर्ण स्तन आणि काखेतल्या ग्रंथी काढायला सांगितल्या, आणि तेही याच आठवड्यात. दुसऱ्या डॉक्टरांनी तेवढाच भाग काढून नंतर रेडिएशन घ्यायला सांगितले. परदेशातल्या तुमच्या भावाने मात्र 'हे अतिनिदान आहे, काहीही करू नका' असे कळवले. या तिघांपैकी कोणाचे ऐकायचे, आणि तुम्ही स्वतः 36 वर्षांच्या असताना आता तुमचीही मॅमोग्राफी करायची का, असे तुम्ही विचारले आहे.

मी गेली 28 वर्षे स्तनाच्या शस्त्रक्रिया करतो आहे. तुमच्या प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा शब्द मला 'याच आठवड्यात' हा वाटला, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करतो. लो ग्रेड डीसीआयएसमध्ये एका आठवड्याची घाई करण्याचे कोणतेही वैद्यकीय कारण नसते. चार-सहा आठवडे विचार करण्यात, बायोप्सीच्या काचा (ज्यांवर पेशींचा नमुना असतो त्या) दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून पाहून घेण्यात, आईंशी निवांत बोलण्यात गेले, तरी त्यांच्या आयुष्याचे काही नुकसान होणार नाही. मात्र हे वाक्य कोणीही उचलून आपल्या हाताला लागलेल्या गाठीला लावू नये. हाताला लागणारी कडक गाठ, आत ओढले गेलेले स्तनाग्र, त्यातून येणारे रक्त, संत्र्याच्या सालीसारखी झालेली त्वचा, यांपैकी काहीही असेल तर थांबायचे नसते. हे उत्तर अशा स्त्रीसाठी नाही.

दूध वाहून नेणाऱ्या नलिकांच्या आतल्या अस्तरातल्या पेशी कर्करोगासारख्या दिसू लागतात, वाढतात, पण नलिकेची भिंत ओलांडत नाहीत, त्या अवस्थेला डीसीआयएस म्हणतात. त्यालाच शून्य टप्पा असेही म्हटले जाते. भिंत ओलांडलेली नसल्यामुळे या पेशींना रक्तवाहिन्यांकडे आणि लसिकावाहिन्यांकडे जाण्याचा रस्ता मिळालेला नसतो. या अवस्थेत गाठ सहसा लागत नाही. मॅमोग्राफीची फिल्म मोठी करून पाहिली की काळ्या ओट्यावर चिमूटभर रवा सांडावा तसे पांढरे कण एका जागी जमलेले दिसतात, आणि त्यांचा आकार, त्यांची मांडणी, ते एका रेषेत आहेत की पुंजक्यात, यावरून बायोप्सी करायची की नाही हे ठरते. मॅमोग्राफी सर्रास होऊ लागण्यापूर्वी स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांमध्ये डीसीआयएसचे जेमतेम तीन ते पाच असत. आज अमेरिकेसारख्या देशात नव्याने निदान होणाऱ्या शंभरांपैकी वीस ते पंचवीस असतात. आजार एवढा वाढला असे नाही, तर पूर्वी जे कधीच दिसले नसते ते दिसू लागले आहे.

इथेच अतिनिदान हा शब्द येतो आणि त्याचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण तुमच्या भावाचा गोंधळ इथेच झाला आहे. अतिनिदान म्हणजे चुकीचे निदान नव्हे. पॅथॉलॉजिस्टने काचेवर जे पाहिले ते खरेच तिथे होते; फक्त ते शोधले गेले नसते तर त्या स्त्रीला त्याचा त्रास आयुष्यात कधीच झाला नसता आणि ती दुसऱ्याच कशाने, पुष्कळदा वार्धक्याने, गेली असती. इतर कारणांनी मरण पावलेल्या स्त्रियांच्या शवविच्छेदनात स्तन बारकाईने तपासण्याचे जे अभ्यास झाले, त्यांत साधारण नऊ टक्के स्त्रियांमध्ये कोणालाही माहीत नसलेला डीसीआयएस सापडला होता. त्या स्त्रिया कर्करोगाचा शब्दही न ऐकता जगल्या. अडचण ही आहे की जिवंत स्त्रीपुढे बसून 'तुमचा डीसीआयएस त्यातला आहे' असे सांगण्याचे साधन आज कोणाहीपाशी नाही. अतिनिदान हजारो स्त्रियांच्या आकडेवारीत स्पष्ट दिसते. एका स्त्रीच्या बाबतीत ते कधीच सिद्ध करता येत नाही.

ठरावीक अंतराने होणाऱ्या तपासणीत नेमके असेच संथ आजार का जास्त सापडतात, हे मी रुग्णांना एसटी स्टँडचे उदाहरण देऊन सांगतो. दिवसातून एकदाच स्टँडवर डोकावणाऱ्या माणसाला फलाटाला तासन्‌तास लागून राहिलेली गाडी हमखास दिसते. दोन मिनिटे थांबून सुटणारी गाडी त्याला बहुधा दिसतच नाही. दोन वर्षांतून एकदा केलेली मॅमोग्राफी वर्षानुवर्षे जागच्या जागी राहिलेले आजार उत्तम टिपते. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात उगवून वेगाने वाढणारा आक्रमक कर्करोग मात्र तिच्या हातून निसटतो आणि तो स्त्रीला स्वतःलाच, गाठ म्हणून, सापडतो.

याचे प्रमाण किती, यावर तज्ज्ञांमध्ये खरा मतभेद आहे. ब्रिटनमध्ये सर मायकेल मार्मट यांच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र समितीने 2012 मध्ये मॅमोग्राफीच्या उपयोगावर झालेल्या सर्व संशोधन-चाचण्यांचा आढावा घेतला. पन्नाशीच्या 10,000 स्त्रियांना पुढची 20 वर्षे तपासणीसाठी बोलावले, तर त्यांच्यात एकूण 681 कर्करोग सापडतील, स्तनाच्या कर्करोगाने होणारे 43 मृत्यू टळतील आणि 129 स्त्रियांचे अतिनिदान होईल, असा तिचा अंदाज होता. म्हणजे एका वाचलेल्या जिवामागे तीन स्त्रिया विनाकारण कर्करोगाच्या रुग्ण होतात. त्याच वर्षी अमेरिकेत ब्लेयर आणि वेल्च यांनी तिथल्या 30 वर्षांच्या नोंदींवरून हे प्रमाण निदान झालेल्या सर्व स्तन-कर्करोगांच्या जवळपास एक-तृतीयांश असल्याचे मांडले. पुढे 2022 मधल्या एका अमेरिकी विश्लेषणात, 50 ते 74 या वयात दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी केल्यास तपासणीत सापडणाऱ्या दर सात कर्करोगांपैकी साधारण एक अतिनिदान असतो, असे दिसले. मला स्वतःला हा शेवटचा अंदाज अधिक विश्वासार्ह वाटतो, कारण त्यात संथ आणि वेगवान आजारांचा वेगळा विचार केला आहे. पण कोणताही आकडा घेतला तरी दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या राहतात: मॅमोग्राफीने काही जीव वाचतात, आणि मॅमोग्राफीने काही निरोगी स्त्रिया रुग्ण होतात.

या विषयातली मला सर्वांत अवघड वाटणारी गोष्ट आकड्यांत येत नाही. दर वर्षी काही स्त्रिया उपचाराला पाच वर्षे पूर्ण झाली म्हणून कंदी पेढ्यांचा बॉक्स घेऊन माझ्याकडे येतात आणि 'डॉक्टर, तुमच्यामुळे वाचले' म्हणतात. त्यांपैकी काहींना उपचारांनी खरोखर वाचवले आहे. काहींना वाचवण्याची गरजच नव्हती. कोणती स्त्री कोणत्या गटातली, हे त्यांना माहीत नाही आणि मलाही नाही. अतिनिदान झालेली प्रत्येक स्त्री उत्तम बरी होते, त्यामुळे जगण्याची टक्केवारी वाढते, त्या टक्केवारीमुळे तपासणीवरचा विश्वास वाढतो आणि आणखी तपासण्या होतात. या चक्रात कोणाचाही हेतू वाईट असावा लागत नाही.

आता भावाच्या सल्ल्याकडे वळू. त्यांचे अर्धे म्हणणे बरोबर आहे आणि उरलेले अर्धे धोक्याचे आहे. सुईने घेतलेल्या तुकड्यात डीसीआयएस दिसतो, तेव्हा प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत सुमारे एक-चतुर्थांश स्त्रियांमध्ये भिंत ओलांडलेला कर्करोगही शेजारीच सापडतो. लो ग्रेडमध्ये हे प्रमाण बरेच कमी असते, पण शून्य नसते. सुई दीड सेंटिमीटरच्या भागातून काही तुकडेच आणते. दुसरे असे की अमेरिकेतल्या नॅशव्हिल इथे 1950 आणि 1960 च्या दशकांत साध्या म्हणून बाजूला ठेवलेल्या बायोप्सींच्या काचा नंतर पुन्हा पाहिल्या गेल्या, तेव्हा 28 स्त्रियांमध्ये लो ग्रेड डीसीआयएस होता आणि कोणीच उपचार केलेले नव्हते असे आढळले. त्यांपैकी 11 जणींना पुढे त्याच स्तनात, त्याच जागी, पसरणारा कर्करोग झाला. बहुतेकींना पहिल्या दहा-बारा वर्षांत, तर काहींना वीस वर्षे उलटून गेल्यावर. उरलेल्या 17 जणींना काही झाले नाही. अभ्यास लहान आहे, पण उपचाराविना लो ग्रेड डीसीआयएसचे काय होते हे दाखवणारे पुरावे इतके दुर्मीळ आहेत की मी तो कधी विसरत नाही. 61 वर्षांच्या सुदृढ स्त्रीपुढे वीस-पंचवीस वर्षांचे आयुष्य असते, हे त्याच्या शेजारी ठेवून पाहा.

भावाने बहुधा ज्या चाचणीविषयी वाचले असेल ती म्हणजे अमेरिकेतली कॉमेट. तिचे पहिले निष्कर्ष डिसेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. कमी धोक्याचा डीसीआयएस असलेल्या 957 स्त्रियांना दोन गटांत विभागले होते: एका गटाला नेहमीची शस्त्रक्रिया, दुसऱ्या गटाला फक्त दर सहा महिन्यांनी मॅमोग्राफी आणि काही बदल दिसला तरच शस्त्रक्रिया. दोन वर्षांत पसरणारा कर्करोग आढळण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेच्या गटात 5.9 टक्के आणि देखरेखीच्या गटात 4.2 टक्के होते. म्हणजे थांबणाऱ्यांचे नुकसान झाले नाही. हा निष्कर्ष फार आशादायक आहे आणि मी त्याची अनेक वर्षे वाट पाहत होतो. परंतु दोन वर्षे म्हणजे या आजाराच्या हिशेबात काहीच नाही, दोन्ही गटांतल्या बहुतेक स्त्रिया हार्मोनविरोधी गोळ्या घेत होत्या, आणि शस्त्रक्रियेच्या गटातल्या बऱ्याच जणींनी शस्त्रक्रिया करून घेतलीच नाही. देखरेख म्हणजे 'काहीही न करणे' नव्हे, हेही भावाला सांगा. दर सहा महिन्यांनी चांगल्या मशीनवर, शक्यतो त्याच रेडिऑलॉजिस्टकडून, जुन्या फिल्म शेजारी ठेवून तपासणी होणार असेल तरच तिला देखरेख म्हणायचे. आई 78 वर्षांच्या असत्या, हृदय अशक्त असते, तर मी स्वतःच हा मार्ग सुचवला असता. 61 व्या वर्षी, त्यांची स्वतःची तशी ठाम इच्छा नसेल तर, मी तो सुचवणार नाही.

पहिल्या डॉक्टरांच्या सल्ल्याबद्दल मला अधिक ठामपणे बोलावे लागेल. दीड सेंटिमीटरच्या लो ग्रेड डीसीआयएससाठी संपूर्ण स्तन काढण्याची गरज नाही, आणि काखेतल्या सर्व ग्रंथी काढणे तर निश्चितच चुकीचे आहे. ज्या पेशींनी नलिकेची भिंतच ओलांडलेली नाही, त्यांच्या शोधात काख उघडायची कशासाठी? स्तन राखून केलेल्या शस्त्रक्रियेत, शुद्ध डीसीआयएस असेल तर, काखेला हात लावायचा नसतो. डीसीआयएस मोठ्या भागात पसरलेला असल्यामुळे खरोखरच पूर्ण स्तन काढावा लागला, तरच निळ्या रंगाच्या साहाय्याने पहिल्या एक-दोन ग्रंथी तपासून घेतात, कारण स्तन गेल्यावर नंतर त्या शोधता येत नाहीत.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत, आपल्याकडे पद्धत तीच होती म्हणून, मी एका शिक्षिकेचा असाच स्तन काढला आणि काखही साफ केली. रिपोर्टमध्ये काखेतल्या सगळ्या ग्रंथी निर्मळ होत्या; घरात आनंद झाला, मलाही समाधान वाटले. दीड वर्षाने त्या आल्या तेव्हा डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत सुजलेला होता. हिरव्या बांगड्यांपैकी शेवटची बांगडी सोनाराकडे नेऊन कापून काढावी लागली होती आणि त्या हाताला पुन्हा बांगडी चढत नव्हती, हे त्यांनी पदराआड हात धरून सांगितले. फळ्यावर लिहिताना उजवा हात चालत होता, पण पाण्याची बादली उचलता येत नव्हती. दाबपट्टी, मालीश, व्यायाम, सगळे केले; सूज कमी झाली, पण गेली नाही. ज्या आजाराने त्यांना बहुधा काही केले नसते, त्याच्या उपचाराने त्यांना जन्मभराचे दुखणे दिले. अतिउपचार हा शब्द मी ऐकतो तेव्हा मला तो हात आठवतो.

शस्त्रक्रिया जितकी मोठी तितकी स्त्री सुरक्षित, ही समजूत मुळात शस्त्रवैद्यांचीच आहे. अमेरिकेत हॉलस्टेड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथी एकत्र काढण्याची जी पद्धत रूढ केली, ती जवळपास ऐंशी वर्षे कोणी तपासून पाहिली नाही. पुढे अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत मिलान इथे उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी चिठ्ठी टाकून दोन गट करावेत तशा चाचण्या केल्या आणि 2002 मध्ये दोघांचेही 20 वर्षांचे निष्कर्ष आले: स्तन राखलेल्या आणि स्तन काढलेल्या स्त्रिया सारख्याच जगल्या. हे निष्कर्ष भिंत ओलांडलेल्या, खऱ्याखुऱ्या कर्करोगाचे आहेत. मग त्याच्याही आधीच्या अवस्थेसाठी आपण मोठी शस्त्रक्रिया का करावी? कॅनडाचे डॉ. स्टीव्हन नॅरॉड यांनी 2015 मध्ये डीसीआयएसच्या एक लाख आठ हजारांहून अधिक स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. 20 वर्षांत स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू येण्याचे प्रमाण 3.3 टक्के होते, आणि पूर्ण स्तन काढलेल्या व राखलेल्या स्त्रियांमध्ये मृत्यूच्या बाबतीत उपयुक्त असा फरक नव्हता. यांतल्या जवळपास सर्व स्त्रियांवर काही ना काही उपचार झाले होते, त्यामुळे यातून 'उपचारच नको' असा अर्थ काढता येत नाही. 'मोठा उपचार नको' असा मात्र काढता येतो.

तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला मला योग्य वाटतो, पण त्यातही एक प्रश्न शिल्लक राहतो, तो रेडिएशनचा. डीसीआयएस काढल्यानंतर रेडिएशन दिले तर त्याच स्तनात आजार परत येण्याची शक्यता निम्म्याने कमी होते, हे निर्विवाद आहे. मृत्यूचे प्रमाण कमी होत नाही, हेही तितकेच निर्विवाद आहे. लहान, लो किंवा मध्यम ग्रेडच्या आणि कडा स्वच्छ असलेल्या (म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या कडेपर्यंत आजार न पोचलेल्या) डीसीआयएसवर अमेरिकेत एक वेगळी चाचणी झाली. तिच्यात 15 वर्षांनी त्याच स्तनात आजार परतण्याचे प्रमाण रेडिएशनशिवाय 15.1 टक्के आणि रेडिएशनसह 7.1 टक्के होते. म्हणजे शंभर स्त्रियांना रेडिएशन दिले तर आठ जणींचा आजार परतणे टळते, सात जणींचा तरीही परततो आणि पंच्याऐंशी जणींना ते दिले नसते तरी चालले असते. या आठांच्या गटात असण्याची शक्यता आईंना मोलाची वाटते की रेडिएशनच्या फेऱ्या टाळणे मोलाचे वाटते, हे डॉक्टरांनी नव्हे, आईंनी ठरवायचे आहे. काही स्त्रियांना 'पुन्हा होईल' या विचाराने झोप लागत नाही. त्यांनी रेडिएशन घ्यावे. काहींना रेडिएशनचे केंद्र दीडशे किलोमीटरवर आहे आणि घरी अंथरुणाला खिळलेली सासू आहे. त्यांनी कडा स्वच्छ असतील तर ते टाळले तरी मी त्यांना अविचारी म्हणणार नाही. हार्मोनविरोधी गोळीचेही तसेच. इटलीत झालेल्या चाचणीत टॅमॉक्सिफेनची नेहमीच्या 20 मिलिग्रॅमऐवजी 5 मिलिग्रॅमची गोळी तीन वर्षे देऊन आजार परतण्याचे प्रमाण निम्म्यावर आले होते. 'घ्यायलाच हवी' आणि 'अजिबात नको' यांच्यामध्ये बरीच जागा असते.

काचा दुसरीकडे दाखवून घ्या, असे मी सुरुवातीला म्हटले, ते उगाच नाही. अमेरिकेत 2015 मध्ये 115 पॅथॉलॉजिस्टांना त्याच त्या बायोप्सींच्या काचा दिल्या गेल्या. पसरलेल्या कर्करोगाच्या बाबतीत तज्ज्ञ मंडळाशी त्यांचे 96 टक्के वेळा एकमत झाले, डीसीआयएसच्या बाबतीत 84 टक्के, आणि डीसीआयएसच्या अलीकडच्या, पेशी नुसत्याच वेगळ्या दिसू लागलेल्या अवस्थेच्या बाबतीत फक्त 48 टक्के. लो ग्रेड डीसीआयएस आणि ही अलीकडची अवस्था यांच्यामधली रेषा अंधूक असते. पुष्कळदा आकाराच्या दोन-तीन मिलिमीटरवर नाव बदलते, आणि नाव बदलले की घरात 'कॅन्सर' हा शब्द येतो किंवा येत नाही. प्रयोगशाळेकडून बायोप्सीचा तुकडा जपून ठेवलेले मेणाचे ब्लॉक आणि काचा दोन्ही मागून घ्या; त्या मागणे हा रुग्णाचा हक्क आहे आणि त्याचे कोणाला वाईट वाटायचे कारण नाही. स्तनाच्या आजारांवर रोज काम करणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे त्या द्या. त्याच वेळी कोणी पेट-सीटी (आजार शरीरात पसरला आहे का हे पाहणारा स्कॅन), हाडांचा स्कॅन किंवा हर-टू (कर्करोगाच्या पेशींवरच्या एका प्रथिनाची) ही चाचणी सांगितली, तर शुद्ध डीसीआयएसमध्ये त्यांची गरज नसते, हे लक्षात ठेवा. केमोथेरपीचा तर प्रश्नच उद्भवत नाही. विनाकारण केलेल्या पेट-सीटीत फुप्फुसात एखादा निरुपद्रवी जुना डाग दिसतो आणि मग त्याच्यामागे तीन महिने जातात, असे मी कितीतरी वेळा पाहिले आहे.

समजा, शस्त्रक्रियेत काही मिलिमीटरचा पसरणारा भाग सापडला, तरी घाबरण्याचे कारण नाही. तिथेही उपचार आता पूर्वीपेक्षा पुष्कळ आवरते झाले आहेत. 2018 मध्ये टेलरएक्स या दहा हजारांहून अधिक स्त्रियांच्या चाचणीने दाखवले, की हार्मोन पॉझिटिव्ह, ग्रंथीत न पोचलेल्या कर्करोगात, गाठीच्या जनुकीय तपासणीचा गुणांक मध्यम किंवा कमी असेल, तर रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रियांना केमोथेरपीने अधिक लाभ होत नाही. लहान गाठ आणि सोनोग्राफीत स्वच्छ दिसणारी काख असेल, तर निवडक स्त्रियांमध्ये काखेतली पहिली ग्रंथीसुद्धा न काढता चालते, हे इटलीतल्या साउंड चाचणीने 2023 मध्ये दाखवले. त्याबद्दल वेळ आली तर सविस्तर लिहीन.

आपल्याकडे अतिउपचार का होतो, याचा दोष मी फक्त डॉक्टरांना देत नाही. 'डॉक्टर, एकदाचं मुळासकट काढून टाका' हे वाक्य मी माझ्या खोलीत दर आठवड्याला ऐकतो, आणि ते बहुधा नवरा, मुलगा किंवा दीर म्हणतो; जिच्या अंगाचा प्रश्न आहे ती खाली मान घालून बसलेली असते. त्या वाक्यामागे प्रेम असते आणि भीती असते. दुसरीकडे, कमी उपचार केला आणि आजार परतला तर डॉक्टरला जाब विचारला जातो, जास्त केला म्हणून कधीच विचारला जात नाही, त्यामुळे त्याचाही कल आपोआप मोठ्या शस्त्रक्रियेकडे जातो. म्हणून माझी विनंती आहे की पुढच्या भेटीत घरच्या माणसांनी दहा मिनिटे बाहेर बसावे आणि आईंना डॉक्टरांशी एकटीने बोलू द्यावे. 61 व्या वर्षी स्तनाचे काय महत्त्व, असे घरच्यांनी परस्पर ठरवू नये.

हे सारे लिहिताना मला एका गोष्टीची सतत काळजी वाटते. भारतात 2022 साली सुमारे 1 लाख 92 हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग झाला आणि सुमारे 98 हजार स्त्रिया त्याने गेल्या. हे प्रमाण अतिनिदान झालेल्या देशाचे नाही. उशिरा निदान होणाऱ्या देशाचे आहे. माझ्या एकाच ओपीडीत सकाळी पॅकेजमधल्या मॅमोग्राफीचे रवाळ ठिपके घेऊन एक बाई येतात आणि दुपारी तालुक्याच्या गावाहून, वर्षभर लेप लावून, फुटलेली गाठ लुगड्याच्या घडीने झाकून दुसरी येते. पहिलीला सांगायचे ते दुसरीच्या कानावर चुकीच्या अर्थाने गेले तर तिचा जीव जाईल.

या दोघींच्या मधला रस्ता आपल्याच मुंबईने दाखवला आहे, आणि तो जगाला दाखवला आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाचे डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या 35 ते 64 वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर एक मोठी चाचणी केली. निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी फक्त हाताने स्तनांची तपासणी केली. मशीन नाही, फिल्म नाही. 20 वर्षांचा पाठपुरावा 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्या टप्प्यात, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात, सापडणाऱ्या रुग्णांचे प्रमाण तपासणी न झालेल्या वस्त्यांमध्ये 47 टक्के, तर तपासणी झालेल्या वस्त्यांमध्ये 37 टक्के होते, आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये मात्र मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. हाताला कॅल्शियमचे ठिपके लागत नाहीत. हाताला गाठ लागते, आणि आपल्या स्त्रियांना मारते ती गाठ.

तुमच्या स्वतःच्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. 36 व्या वर्षी, कोणतीही तक्रार नसताना, आईंच्या या रिपोर्टमुळे तुम्ही आज मॅमोग्राफी करू नये. या वयात स्तनाचा पोत दाट असतो, फिल्मवर तो पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच दिसते, त्यामुळे धोक्याचे सुटते आणि निरुपद्रवी सापडते. आईला साठीनंतर लो ग्रेड डीसीआयएस झाला म्हणून तुमचा धोका थोडा वाढतो, पण घरात आणखी कोणाला, विशेषतः पन्नाशीच्या आत, स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कर्करोग नसेल तर जनुकीय तपासणीची गरज नाही. वर्षातून एकदा जाणत्या डॉक्टरांकडून हाताने तपासणी करून घ्या, आणि मॅमोग्राफीचा विषय चाळिशीनंतर, फायदा-तोटा दोन्ही समजून घेऊन, काढा.

आईंसाठी आता एवढेच करायचे आहे. मूळ मॅमोग्राफीची सीडी, ब्लॉक आणि काचा गोळा करा. दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टने लो ग्रेड डीसीआयएसवर शिक्कामोर्तब केले, तर ज्या केंद्रात शस्त्रक्रियेच्या सकाळी ठिपक्यांच्या जागी वायर बसवण्याची सोय आहे आणि काढलेल्या तुकड्याचा तिथल्या तिथे एक्स-रे काढून सगळे ठिपके त्यात आले आहेत ना हे पाहिले जाते, अशाच केंद्रात शस्त्रक्रिया करा. ते पाहिल्याशिवाय जखम शिवू नका, असे आधीच सांगून ठेवा. नंतर रिपोर्टमध्ये कडेपासूनचे अंतर मिलिमीटरमध्ये लिहिलेले असावे. ते किमान दोन असेल तर पुरे. रेडिएशनचा निर्णय तो रिपोर्ट हातात आल्यावर घ्यायचा, त्याआधी नाही. तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली तरी चालेल.